मांजरेच्या नोंदी: नदी बदलली की वही?

7 जानेवारी

आजपासून ही वही. काम ठरलं: मांजरेच्या रोजच्या प्रवाहाच्या जुन्या नोंदी तपासायच्या. नदीत खरंच बदल झालाय का, झाला असेल तर कोणत्या वर्षापासून आणि वर्षाच्या कोणत्या दिवसांत, एवढं शोधायचं. सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "कोणी केलं हे शेवटी. आधी काय झालं ते."

नदी आमची. बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्यात गवळवाडीजवळ उगम. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण, एकूण साठा 224 दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला उपयुक्त 177. मग लातूर जिल्हा, मग सीमा ओलांडून बीदर, पुढे तेलंगणात सिंगूर, निजामसागर आणि कंदकुर्तीला गोदावरीत. लांबी 724 किलोमीटर. वाटेत तावरजा, घरणी, तेरणा येऊन मिळतात.

निजामसागर 1931 मध्ये पूर्ण झालं तेव्हा उगमापासून संगमापर्यंत ही सगळी नदी एकाच हैदराबाद संस्थानात होती. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत खोऱ्याचे तीन तुकडे झाले. नदी तीच राहिली, पण तिच्या पाण्याचा हिशेब तीन ठिकाणी लिहिला जाऊ लागला. म्हणून मी प्रवाह मोजणारी दोन केंद्रं घेतलीत: एक आमच्या बाजूचं, एक सीमेपलीकडचं. इथं 'अलीकडचं' आणि 'पलीकडचं' असंच लिहीन.

10 जानेवारी

गोदावरी खोऱ्याच्या प्रवाहाच्या नोंदी गोपनीय नाहीत, त्यामुळे पलीकडच्या केंद्राचे आकडे सहज मिळाले. अलीकडच्या केंद्राची टाईप केलेली फाईल आली, जुन्या वह्यांचे स्कॅन यायचे आहेत. पाऊस हवामान खात्याच्या चौकटींतला, पाव अंशाची एक चौकट, 1901 पासूनचा.

पहिला दिवस एककांत गेला. धरणातून सोडलेलं पाणी वर्तमानपत्रात क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) येतं, केंद्राची नोंद क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) असते, धरणाचा साठा दलघमीत आणि राज्यांत पाणी वाटणाऱ्या लवादाचा निवाडा टीएमसीत (अब्ज घनफूट). भिंतीवर कागद चिकटवला:

1 क्युमेक = 35.31 क्युसेक
1 क्युमेक दिवसभर = 0.0864 दलघमी
1 टीएमसी = 28.32 दलघमी

म्हणजे धरणाचा पूर्ण उपयुक्त साठा सव्वासहा टीएमसी. आणि 1000 क्युसेक दिवसभर सोडले तरी अडीच दलघमीसुद्धा भरत नाहीत. बातमीतला 'हजार' ऐकून डोळ्यांसमोर महापूर येतो, म्हणून हे एकदा हातानं करून पाहिलं.

सगळं जलवर्षावर बसवलं, 1 जून ते 31 मे. जानेवारी ते डिसेंबर धरलं तर एकाच पावसाळ्याचं पाणी दोन वर्षांत फाटतं.

16 जानेवारी

रिकाम्या रकान्यांनी अडवलं.

अलीकडच्या फाईलमध्ये काही दिवशी 0 आहे, काही दिवशी रकाना नुसताच रिकामा. वाचण्यासाठी जो प्रोग्राम कुणाकडून तरी मिळाला होता तो रिकाम्याचा गुपचूप 0 करतो. मार्च-एप्रिलमध्ये हे खपून जातं, कारण नदी तशीही आटलेली असते. पण माझ्या आलेखात ऐन सप्टेंबरअखेरीस रेषा थेट तळाला जाते आणि काही दिवसांनी पुन्हा वर येते. भरल्या नदीचं असं होत नाही. पूर ओसरायलाही उतरंड असते.

तो दिवस पाहिला. 30 सप्टेंबर 1993.

अंगावर काटा आला. तारीख सांगायची गरज नाही, आमच्याकडं ती कुणीच विसरलेलं नाही. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या आत किल्लारीसह कितीतरी गावं जमीनदोस्त झाली. सकाळी आठला नदीवर पातळीची पट्टी वाचायला कोण जाणार होतं? पाणी वाहतच होतं, ते लिहायला माणूस नव्हता. आणि माझ्या संगणकानं त्या दिवशी मांजरा कोरडी ठरवली.

20 जानेवारी

स्कॅन आले. पानं वाकडी, काही ओल लागलेली. रोज दोन वर्षं, त्याहून जास्त डोळे साथ देत नाहीत.

2 फेब्रुवारी

आज केंद्रावर जाऊन आले. तिथं पूर्वी पट्टी वाचायचं काम केलेले एक गृहस्थ जवळच्याच गावात राहतात. माझ्या आजोळच्या भावकीतले निघाले, म्हणून मामा. वय झालंय, पण नदीच्या उतारावर माझ्यापुढं चालत होते.

त्यांनी काम दाखवलं. काठावर पायऱ्यांसारख्या एकाखाली एक रोवलेल्या पट्ट्या, पांढऱ्यावर काळे आकडे, सेंटिमीटरपर्यंतच्या खुणा. रोज सकाळी आठला वाचायचं. पाणी हलतं तेव्हा लाटेचा माथाही घ्यायचा नाही, तळही नाही, थोडा वेळ बघत राहायचं आणि मधला आकडा धरायचा. पावसाळ्यात दर तासाला, रात्रीसुद्धा, बॅटरी घेऊन. प्रवाह मोजायचा तो नावेतून: नदीच्या रुंदीचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात वेग मोजणारं करंट मीटर पाण्याच्या वरून सहा दशांश खोलीवर सोडायचं, चाकाचे फेरे मोजायचे. त्या खोलीवरचा वेग हा त्या उभ्या ओळीच्या सरासरीच्या जवळ असतो. भागाचं क्षेत्रफळ गुणिले वेग, आणि सगळ्या भागांची बेरीज. मोठ्या पुरात नाव घालता येत नाही, मग नुसती पातळी घ्यायची आणि प्रवाह वक्रावरून काढायचा, म्हणजे आधीच्या मोजणीतून काढलेल्या पातळी-प्रवाहाच्या आलेखावरून.

मी रिकाम्या रकान्यांचं विचारलं. मामांनी स्कॅनची पानं हातात घेतली, लांब धरली आणि म्हणाले, "हे बघ माय, नदी कोरडी असली की मी शून्य लिवायचो. रिकामं म्हंजी मी नव्हतो."

सप्टेंबर 1993 चं पानही त्यांच्याच हातचं. 29 ला नोंद आहे. त्यानंतरचे रकाने मोकळे, आणि पुन्हा सुरू होतात तेव्हा अक्षर वेगळं. "ते माझं अक्षर न्हाई. मी तवा सास्तूरकडं होतो, बहीण होती तिकडं." पुढं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. चहा आला, तो घेतला.

परतताना गाडीत एकच विचार होता. ज्या माणसानं इतकी वर्षं शून्य आणि रिकामं यांत फरक राखला, त्याचा तो फरक आपण एका ओळीच्या प्रोग्रामनं पुसून टाकतो.

5 फेब्रुवारी

प्रोग्राम बदलला. रिकामं ते रिकामंच. लहान खंड, तीन दिवसांपर्यंतचे, आणि दोन्ही बाजूंना पाऊस नसेल तरच जोडायचे. बाकीचे तसेच ठेवायचे आणि त्या वर्षापुढे खूण करायची. पावसाळ्यातले फार दिवस गेलेलं वर्ष एकूण प्रवाहाच्या हिशेबातून बाद.

पावसाची तारीखही तपासली. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस आधीच्या 24 तासांचा असतो, पण नोंद त्याच सकाळच्या तारखेला पडते. प्रवाह आठचा, पाऊस साडेआठचा, त्यामुळे दोन्ही रांगा जवळपास जुळतात. हे आधी पाहून ठेवलेलं बरं.

14 फेब्रुवारी

मान-केंडाल चाचणी, प्रवाह वर्षागणिक वाढतोय की घटतोय ते पाहणारी. सरांच्या सांगण्यावरून आधी हातानं.

चाचणीचा विचार साधा आहे. प्रत्येक वर्षाची त्याच्यानंतरच्या प्रत्येक वर्षाशी जोडी लावायची. नंतरचं मोठं असेल तर अधिक एक, लहान असेल तर उणे एक. 30 वर्षं असतील तर जोड्या 435. नदीत काहीच बदल नसेल तर अधिक आणि उणे साधारण फिटतात. योगायोगानंही थोडा कल पडतोच, त्या योगायोगाची मर्यादा सूत्रानं काढता येते: 30 वर्षांसाठी बेरीज निदान 111 नं एकीकडे झुकली, तरच पाच टक्क्यांच्या कसोटीवर 'कल आहे' म्हणायचं. किती उतार, हे प्रणव कुमार सेन यांच्या 1968 च्या पद्धतीनं: सगळ्या जोड्यांचे उतार काढून मधला घ्यायचा. एखादा 1972 सारखा दुष्काळ किंवा एखादा महापूर त्या मधल्याला फारसा हलवत नाही. मराठवाड्यासारख्या लहरी पावसाच्या मुलखात हा गुण मोलाचा.

दोन सावधगिरी. एक, वर धरण आहे, त्यामुळे या वर्षीचं रितेपण पुढच्या वर्षाच्या प्रवाहात उतरतं. रितं धरण आधी स्वतः भरून घेतं, मग खाली सोडतं. वर्षं एकमेकांपासून सुटी नाहीत आणि चाचणी मात्र ती सुटी धरते. त्याची दुरुस्ती लावली. दुसरी जास्त महत्त्वाची: मालिका कुठं थांबवता. 2015-16 वर थांबवली तर वार्षिक प्रवाहाचा उतार डोळ्यांत भरतो. पुढची वर्षं धरली की तो सपाट होत जातो. 2015 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सरासरीच्या 40 टक्के कमी पाऊस झाला होता, त्या खड्ड्यावर रेषा संपवून निष्कर्ष काढणं बरोबर नाही.

27 फेब्रुवारी

आज हात थरथरत होते, म्हणून आकडे दोनदा पाहिले.

पेटिट चाचणी लावली. मालिका कोणत्या वर्षी दोन वेगळ्या तुकड्यांत मोडते ते ही चाचणी शोधते. अलीकडच्या केंद्रावर मोड सापडला, ठसठशीत. त्या वर्षानंतर उन्हाळी प्रवाह अचानक खाली आणि कोरडे दिवस अचानक वाढलेले.

घरी फोनवर बोलता बोलता सांगून गेले. धाकटा भाऊ लगेच, "बघ, मी म्हणतच होतो, वरच्यांनीच पाणी अडवलं." अण्णा म्हणाले वाळूवाले. दोघांचं चूक म्हणायला माझ्याकडं काही नव्हतं. सरांचं उत्तर रात्री आलं, एकच ओळ: "मोजलेले आणि काढलेले वेगळे कर."

6 मार्च

सरांची ती एक ओळ आठवडा घेऊन गेली, आणि बरं झालं.

फाईलमध्ये दोन प्रकारचे आकडे आहेत. काही दिवशी करंट मीटरनं खरोखर मोजलेला प्रवाह, बाकीच्या दिवशी पातळीवरून वक्रानं काढलेला. मी नुसते मोजलेले बिंदू घेतले, आडव्या अक्षावर प्रवाह, उभ्यावर पातळी. मोडाच्या आधीचे निळे, नंतरचे लाल. दोन वक्र दिसले, एकाखाली एक, जवळपास समांतर. तेवढाच प्रवाह, पण लाल बिंदूंची पातळी सगळीकडं सुमारे अर्धा मीटर खाली.

याचे दोन अर्थ होऊ शकतात. वाळू उपसून नदीचा तळ खचला असेल तर तेवढंच पाणी खालच्या पातळीवर वाहील. अण्णांचं म्हणणं. किंवा पट्टीच हलली असेल. वक्र पाहून हे ठरत नाही.

ठरवलं ते आडव्या छेदानं. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी या काठापासून त्या काठापर्यंत नदीचा छेद मोजतात, त्याचे कागद वहीत होते. डाव्या काठाला काळा खडक आहे, मी स्वतः त्यावर बसून आले होते. नंतरच्या छेदात वाळूचा तळ अर्धा मीटर खाली गेलेला आणि खडकही तेवढाच. वाळू उपसली म्हणून बेसाल्ट खाली जात नाही.

मामांना फोन केला. "हां, पूल झाला तवा पट्टी हलवली की. नवी हातभर वर बसवली. वहीच्या पुठ्ठ्यावर लिवलंय बघ." पुठ्ठा कुणी स्कॅनच केला नव्हता. त्यांनी नातवाकडून फोटो पाठवला. निळ्या शाईत नवीन शून्याची उंची, म्हणजे पट्टीवरचं 0 किती उंचीवर आहे ते, तारीख, सही. टाईप करणाऱ्यापर्यंत ते पोचलं नाही, आणि फाईलमध्ये पुढची सगळी वर्षं पट्टीच्या आकड्यात जुन्याच शून्याची उंची मिळवली गेली.

याची किंमत किती, ते मांडून पाहिलं. वक्र साधारण असा असतो: प्रवाह हा तळावरच्या खोलीच्या घातात वाढतो. सोयीसाठी घात 2 धरला. पुरात खरी खोली साडेसहा मीटर आणि नोंदली सहा, तर प्रवाह सुमारे 15 टक्के कमी दिसतो. खरी खोली दीड आणि नोंदली एक, तर खरा प्रवाह नोंदीच्या सव्वादोन पट. आणि खरी खोली अर्ध्या मीटरच्या आत असेल तर नोंदीत नदी कोरडी. म्हणजे शून्याची चूक पुराला जेमतेम ओरखडते आणि उन्हाळ्याचं पाणी पुसून टाकते. माझा मोडही नेमका उन्हाळ्यातच होता.

7 मार्च

भावाला फोन करून परवाचं मागं घेतलं. "मग पाणी कमी झालंच नाही म्हणतेस का?" म्हणाला. म्हटलं, तसंही म्हणत नाही अजून. त्याला ते आवडलं नाही.

19 मार्च

शून्य दुरुस्त करून सगळं पुन्हा. पेटिटचा तो मोड राहिला नाही. मान-केंडालमध्ये वार्षिक एकूण प्रवाहात कल म्हणण्याएवढी बेरीज होत नाही.

दुहेरी संचय आलेख काढला: एका अक्षावर पावसाची वर्षागणिक बेरीज, दुसऱ्यावर प्रवाहाची. दोघांचं नातं तेच राहिलं तर रेषा सरळ जाते. पाऊस तेवढाच असून प्रवाह घटला तर रेषा पावसाच्या अंगाला वळते. आमच्या केंद्रावर रेषा थोडी डुलते, पण कुठल्या एका वर्षी वाकली असं मी सांगू शकत नाही.

4 एप्रिल

वर्षाची बेरीज सोडून वर्षाचे तुकडे केले आणि जे शोधत होते ते तिथं सापडलं.

पावसाळ्यानंतरची उतरंड. जुन्या वर्षांत ऑक्टोबरपासून प्रवाह हळूहळू उतरत जातो, जमिनीत मुरलेलं पाणी नदीत पाझरत राहतं. गेल्या काही वर्षांत ती उतरंड मध्येच तुटते. आठवड्याभरात रेषा खाली, आणि मग वाहत्या पाण्याचा शेवटचा दिवस पूर्वीपेक्षा लवकर. हे मोजलेल्या बिंदूंतही दिसतं, पट्टीच्या घोटाळ्याशी याचा संबंध नाही.

कारण नदीवर उभं आहे. साई, नागझरी, डोंगरगाव आणि असे कितीतरी बॅरेज, त्यांच्या आधीचे केटी वेअर, म्हणजे कोल्हापुरी बंधारे. पावसाळ्यात दारं उघडी, पुराचं पाणी निघून जातं. पाऊस सरता सरता दारं टाकतात, आणि नेमकं उतरंडीचं पाणी एकामागून एक बंधाऱ्यात थांबतं. वर्षाच्या बेरजेत हे पाणी किती? पुराच्या दोन दिवसांपुढं काहीच नाही. म्हणून वार्षिक आकड्याला हा बदल दिसतच नाही. पण बंधाऱ्याच्या खाली ज्याची विहीर आहे त्याला तो नोव्हेंबरातच दिसतो.

ते पाणी वाया गेलेलं नाही, हेही इथंच लिहून ठेवते. लातूरच्या काठच्या गावांनी त्यावर रब्बी काढली आहे, आमच्या घरानंसुद्धा. पाणी संपलं असं न लिहिता 'पाणी जागा आणि वेळ बदलून वापरलं गेलं' असं लिहायला हवं.

11 एप्रिल

2016 ची फाईल उघडली. याच दिवशी मिरजेहून लातूरसाठी पाण्याची पहिली रेल्वे निघाली होती, दहा टाक्या, पाच लाख लिटर. दुसऱ्या दिवशी पहाटे पोचली. आई तेव्हा लातुरात मावशीकडं होती, घागरीचा नंबर रात्रीच लावून ठेवायची.

आणि त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांजरा धरण भरून दारं उघडावी लागली. जानेवारी ते डिसेंबरच्या सरासरीत हे दोन्ही एकत्र कालवलं की एक बरंसं वर्ष निघतं. म्हणून आता मुख्य तक्त्यात वार्षिक प्रवाहाशेजारी तीन रकाने वाढवले: कोरडे दिवस, वाहत्या पाण्याची शेवटची तारीख आणि नोंद नसलेले दिवस.

2 मे

बीदरच्या एका महाविद्यालयातले शिक्षक पलीकडच्या केंद्रावर असंच काम करतायत. मराठी छान बोलतात. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुमच्या बॅरेजची दारं कधी पडतात, त्या तारखा देता का?" मी म्हटलं, देते, गोळा करतेय. त्यांच्याकडून त्यांच्या बाजूच्या कारंजा धरणातून पाणी सोडण्याच्या तारखा येणार.

फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून राहिले. गोदावरीवर आपण जायकवाडीचं बोलतो. 15 ऑक्टोबरला साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडा, असा 2014 चा आदेश आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द मराठवाड्याला पाठ आहे. तिथं आपण खालचे. मांजरेवर आपण वरचे आहोत. खालच्याचा जो प्रश्न आपण पैठणला विचारतो, तोच बीदरहून मला आज विचारला गेला, आणि तोही इतक्या सौजन्यानं.

गोदावरी लवादाचा 1980 चा निवाडा पुन्हा वाचला. त्यात पाणी उपखोऱ्यांप्रमाणे, कुठल्या धरणाच्या वर कुणी किती वापरायचं असं वाटलं आहे. असा हिशेब वार्षिक घनफळाचा असतो, बहुधा 75 टक्के विश्वासार्हतेचा: 30 वर्षं मोठ्याकडून लहानाकडं लावली तर साधारण तेविसाव्या वर्षाचा आकडा. नोव्हेंबरात नदी वाहते की नाही हे त्या आकड्यात मावत नाही. आमच्या दोघांच्या तक्त्यात ते मावलं पाहिजे.

3 मे

दोघांत ठरलं: जलवर्ष जूनपासून, रिकामं ते रिकामं, मोजलेलं आणि काढलेलं वेगळ्या रंगात, शून्याची उंची प्रत्येक वर्षापुढं. पलीकडच्या केंद्राच्या वह्यांचे पुठ्ठे पाहायला ते स्वतः जाणार.

24 मे

अलीकडच्या केंद्राचा मसुदा सरांना दिला. तीन विधानं. वार्षिक प्रवाहात कल सिद्ध होत नाही. पावसाळ्यानंतरचा प्रवाह लवकर तुटतो. फाईलमधली उन्हाळी घट, पट्टी हलवल्यानंतरच्या वर्षांपुरती, शून्याच्या उंचीच्या चुकीतून आलेली आहे, तिचा आधार घेऊ नये. ज्यांची फाईल आहे त्यांनाही पुठ्ठ्याच्या फोटोसह कळवलं. दुरुस्त करतो म्हणाले.

मामांना तक्त्याची छापील प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून थेट 1993 ची ओळ काढली. सप्टेंबरअखेरच्या चौकटी मोकळ्या होत्या, शेजारी 'नोंद नाही'. त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, पट्ट्यांचे आकडे पुसट झालेत, पाऊस यायच्या आत रंगवून देतील का कोणी. उद्या अर्ज देते.